भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय : गावात संग्रहालय काढू पाहणाऱ्याची पाहणी

आमच्या तालुक्याच्या गावी नगर वाचनालय नव्या इमारतीत गेले आणि जुन्या इमारतीतल्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. तेथे गावाच्या इतिहासाचे संग्रहालय करावे असे ठरून सात जणांची समिती नेमली गेली आणि पहिल्याच बैठकीत काय काय मिळू शकेल याची यादी तयार झाली : चार तलवारी, पितळेचे हंडे, दोन जाती, एक ग्रामोफोन, कोणाच्या तरी आजोबांना मिळालेले मानपत्र आणि देणाऱ्याच्या मते शिवकालीन असलेली काही नाणी. यादी दोन पानांची झाली, तरी हे संग्रहालय नेमके कशाचे, हे कोणी विचारले नाही. मी विचारले, आणि जो प्रश्न काढील त्याच्याच गळ्यात काम घालायचे या आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, चांगली चाललेली संग्रहालये पाहून टिपण देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालयात मी लागोपाठ दोन दिवस गेलो. पुढचे परीक्षण हौशी प्रेक्षकाचे नाही. कपाटात काय आहे याइतकेच ते कपाट तेथे का आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, याकडे माझे लक्ष होते.

भायखळा स्थानकातून पूर्वेला उतरून चालत राणीच्या बागेपाशी यावे, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या गर्दीला लागूनच हे दार आहे. पेंग्विन पाहायला आलेल्या माणसांपैकी फार थोडी इकडे वळतात, असे मला दोन्ही दिवस दिसले. इमारतीच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती मात्र पाहिल्याशिवाय आत जाऊ नये. हा घारापुरी बेटावरचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. जवळ जाऊन पाहिले तर अंगावरचे सांधे आजही दिसतात. इतिहास दाखवायला निघालेल्या घराच्या दारात याहून नेमकी वस्तू ठेवता आली नसती, असे मला वाटले, कारण वस्तू कोठून आली, कोणी हलवली, हलवताना तिचे काय झाले आणि मग ती येथेच का राहिली, ही चारही उत्तरे ती एकटी देते. आमच्या यादीतल्या तलवारींबद्दल यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नाही.

आत पाऊल टाकताच बहुतेक माणसे मान वर करतात. हिरव्या आणि सोनेरी रंगात रंगवलेले छत, ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटन बनावटीच्या नक्षीदार फरशा आणि मधोमध राणी व्हिक्टोरियाच्या पतीचा, म्हणजे प्रिन्स अल्बर्टचा, संगमरवरी पुतळा. तो डेव्हिड ससून यांनी दिलेला. इमारतीच्या वैभवाने वस्तू झाकल्या जातात ही तक्रार काही जण करतात आणि पहिल्या दहा मिनिटांपुरती ती खरीही आहे. परंतु संग्रहालयाची इमारत हीच त्याची सर्वांत मोठी वस्तू असू शकते, हे येथे कळते. आमच्या वाचनालयाच्या खोल्यांतली शिसवी कपाटे आणि पुस्तके देण्याघेण्याची जाळीची खिडकी भंगारात काढण्याचा ठराव गेल्या बैठकीत जवळजवळ मंजूर झाला होता. परत जाऊन तो आधी थांबवायचा, असे मी पुतळ्याच्या पायथ्याशी उभ्या उभ्या वहीत लिहिले.

या संग्रहालयाचा जन्म इतिहासासाठी झाला नाही, ही गोष्ट त्याची मांडणी समजण्याकरिता फार महत्त्वाची आहे. १८५१ साली लंडनला आणि १८५५ साली पॅरिसला जी मोठी औद्योगिक प्रदर्शने भरली, त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले. तसे नमुने येथेही कायम असावेत, म्हणजे व्यापाऱ्याला माल पाहता येईल, या हेतूने कोटातल्या बराकीत पहिले संग्रहालय थाटले गेले. १८५७ चा उठाव झाला तेव्हा त्या बराकी सैन्याला हव्या झाल्या, वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या आणि बऱ्याचशा नासल्या. जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरने उरलेला संग्रह सावरला. पुढे नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि इतर नागरिकांनी वर्गणी जमवून स्वतंत्र इमारतीचा घाट घातला. १८६२ साली कोनशिला बसली, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता आणि वर्गणीचे आकडेही त्याच तेजीतले होते. युद्ध संपले, १८६५ साली बाजार कोसळला, वर्गणीदार बुडाले आणि काम अडले. शेवटी सरकारच्या आणि नगरपालिकेच्या पैशाने ते पुरे होऊन २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी उघडले. ज्यांच्या खटपटीचा त्यात मोठा वाटा होता त्या भाऊ दाजींचे नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

म्हणजे मूळ कल्पना नमुन्यांच्या दुकानाची. आजच्या भाषेत शोरूमची. अशा संग्रहातून शहराचा इतिहास कसा सांगायचा, हा जुन्या वस्तू वारसाहक्काने मिळालेल्या कोणत्याही संस्थेपुढचा पेच आहे. येथे त्याचे उत्तर मला आवडले, कारण त्यांनी वस्तूंना ओढूनताणून शहराची कथा सांगायला लावलेले नाही. तळमजल्यावर औद्योगिक कलांचे दालन त्याच नावाने आहे. बिदरी काम, हस्तिदंत, शिंग, चंदन, चांदी आणि मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत घडवलेली मातीची चकचकीत भांडी तेथे आहेत. ही भांडी येथे का आली, ती कोणासाठी बनत होती आणि गोऱ्या गिऱ्हाइकाच्या आवडीने कारागिराच्या हाताला कोणते वळण लागले, हेच तेथले सांगणे आहे. संग्रहालय कसे घडले, ते घडवणाऱ्यांना काय दाखवावेसे वाटले आणि काय वाटले नाही, हा त्यांनी आपल्या इतिहासाचाच एक विषय केला आहे. विषय निवडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला तरी सुचत नाही.

वरच्या मजल्यावर मात्र शहर भेटते आणि माझा बराचसा वेळ तेथेच गेला. सात बेटांचे नकाशे, गलबतांच्या प्रतिकृती, पारशांच्या दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, प्रतिकृती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कला शाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे अभिरक्षकाचे काम असल्यापासून, येथेच घडत गेलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती. त्यांत धंदे आहेत, जाती आहेत, खेळ आहेत, खेड्यातले देखावे आहेत. पगड्यांच्या कपाटापुढे मी किती वेळ उभा होतो, ते पहारेकऱ्याने हटकल्यावर कळले. मुठीत मावतील एवढी मातीची डोकी, आणि प्रत्येकावरची पगडी निराळी. कोणाची चक्री, कोणाची उभट, कोणाची नुसती गुंडाळलेली. माझे पणजोबा पेढीवर बसत, तेव्हाचे त्यांचे एक छायाचित्र घरी आहे, आणि त्यातली पगडी कोणत्या पद्धतीची हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तिच्याशी जुळणारी पगडी मला दुसऱ्या ओळीत सापडली. चारशे मैलांवरचा राजवाडा पाहून जे वाटत नाही, ते त्या बोटभर पगडीने वाटले.

तरीही या मूर्तींची अडचण आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. माणसांना जातीवार, धंदेवार मांडून ठेवण्याची ही हौस मुळात राज्यकर्त्यांची. कोण कसा दिसतो आणि काय करतो हे एका नजरेत कळावे, म्हणून केलेली ती मोजदाद आहे. त्या माणसांनी स्वतःविषयी काय सांगितले असते, ते कपाटात नाही. संग्रहालयाला याची जाण आहे, हे त्याच्या प्रदर्शनांवरून कळते : जीर्णोद्धारानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या कलावंतांना या जुन्या संग्रहाशी बोलणारी कामे याच दालनांत मांडायला बोलावले गेले. त्या कामांतले सगळेच गावाकडून आलेल्या माणसाला उमगेल असे नाही. मलाही अशा कामांपुढे अनेकदा नुसते उभे राहावे लागते. पण जुन्या वस्तूला प्रश्न विचारण्याची ती एक रीत आहे आणि तिचा स्वस्तातला अवतार आम्हालाही परवडेल.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. कायमची मांडणी एकोणिसाव्या शतकात आणि फार तर विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत रेंगाळते. भायखळ्याच्या दाराबाहेर गिरणगाव सुरू होते. भोंगा, पाळी, चाळ, खानावळ, भजनी मंडळ, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला आणि रीतसर कधी मागे न घेतलेला संप, हे सगळे हाकेच्या अंतरावर घडले. शहराचे संग्रहालय म्हणवणाऱ्या वास्तूत एखाद्या विणकराचा धोटा किंवा खानावळीचा तांब्या कायमच्या जागी असावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. फिरत्या प्रदर्शनांतून असे विषय येतात, पण फिरते प्रदर्शन उठले की विषयही उठतो. विस्तारासाठी जागतिक स्पर्धा होऊन २०१४ साली स्टीव्हन हॉल या वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला होता. ती इमारत उभी राहिली असती, तर कदाचित या काळाला जागा मिळाली असती.

आता कारभाराकडे वळतो, कारण आमच्यासारख्यांनी येथून उचलायचे ते हेच. ही वास्तू मुंबई महानगरपालिकेची. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती इतकी मोडकळीला आली होती की जुन्या मुंबईकरांना आठवते ती अंधारी, कोंदट जागाच. २००३ साली महानगरपालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वास्तू आणि वस्तू पालिकेच्याच राहिल्या, पैसा प्रतिष्ठानाने आणि पालिकेने घातला, जाणकारी इन्टॅकने आणली आणि रोजच्या कारभारासाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ झाले. इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. संग्रहालयाला मालक, पैसेवाला आणि जाणकार असे तिघे लागतात, आणि ते तिघे एकच असले तर फार दिवस जमत नाही, हे मी टिपणात ठळक अक्षरांत लिहिले. आमच्याकडे मालक वाचनालय आहे, पैसेवाले दोन अडत दुकानदार आहेत, आणि जाणकाराची जागा रिकामी आहे; ती भरेपर्यंत फीत कापू नये.

दुसरा धडा असा की जीर्णोद्धार एकदा करून संपत नाही. समुद्राकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे सोन्याचा वर्ख टिकत नाही, तेथे आमच्या चुन्याच्या भिंतींची काय कथा. पुढेही डागडुजीसाठी संग्रहालय काही काळ बंद ठेवावे लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा खुले झाले. देणगीदाराला उद्घाटनाची पाटी दिसते, दहाव्या वर्षीची गळती दिसत नाही. म्हणून जमलेल्या पैशातला एक भाग सुरुवातीलाच मुदत ठेवीत टाकून त्याच्या व्याजावर झाडलोट, वीज आणि कीटकनाशन चालवावे, अशी सूचना मी केली आहे.

प्रकाशाचेही तसेच. आतल्या काही दालनांत उजेड जाणूनबुजून मंद ठेवला आहे आणि माझ्या पुढे चाललेल्या एका कुटुंबातल्या आजी ‘दिवे लावायला यांना काय होते’ असे पुटपुटल्या. कागदाला आणि कापडाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड सोसत नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो पाळला नाही तर शाई उडते, रंग विटतो आणि ते परत येत नाही. हे दाराशी दोन ओळींत लिहून ठेवले, तर आजींची समजूत पटेल. आमच्या खोल्यांना पश्चिमेच्या खिडक्या आहेत आणि त्यांच्यासमोरच मानपत्र लावायचे ठरले होते, हे येथे कबूल करतो.

तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालयही मी या निमित्ताने पुन्हा पाहिले. ते एका माणसाच्या ध्यासाचे घर आहे. काकासाहेब केळकरांनी, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने, अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कुलपे, वाद्ये अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या, आणि त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. तेथे रोजच्या जगण्यातली वस्तू राजाच्या तलवारीइतकी देखणी असते हे पटते, आणि स्थानिक संग्रहालय काढणाऱ्याला त्याचा फार धीर येतो. पण तो साचा उचलता येत नाही, कारण त्याला एक केळकर लागतो. भायखळ्याचा साचा समितीला उचलता येतो.

याच्या उलट एक अनुभव सांगतो. गावाचे नाव घेत नाही. तेथे एका हौशी मंडळाने फार उत्साहाने संग्रहालय उघडले, लोकांनी वस्तू आणून दिल्या, पण कोणी दिले आणि कायमचे दिले की पाहण्यापुरते दिले, याची नोंद केली नाही. मी गेलो तेव्हा निम्म्या वस्तूंच्या चिठ्ठ्या गळून खाली पडल्या होत्या आणि शिपायाने त्या अंदाजाने पुन्हा लावल्या होत्या, त्यामुळे पानदानाखाली ‘तोफगोळा’ असे वाचायला मिळाले. हसू आले, पण माझ्या आजीची एक समई तेथे दिलेली होती आणि ती कोणत्याच चिठ्ठीखाली नव्हती, तेव्हा हसू ओसरले. म्हणून आमच्या टिपणात पहिला खर्च कपाटांचा नाही, दाखल नोंदवहीचा आहे : अनुक्रमांक, देणाऱ्याचे नाव, दान की उसनवार, वस्तूची मापे, अवस्था, छायाचित्र आणि वस्तूवर न पुसेल पण काढता येईल असा क्रमांक. शंभर वर्षांपलीकडच्या मूर्ती, चित्रे यांसारख्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांपलीकडच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, आणि मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी लागते. ‘शिवकालीन’ नाणी देऊ करणाऱ्या गृहस्थांना मी यातला दुसरा कायदा वाचून दाखवला, तेव्हा ती नाणी घरच्या देव्हाऱ्यातली असल्याचे त्यांना आठवले.

विषय शेवटी असा ठरला. आमचे गाव लढाईचे नाही, संतांचे नाही. ते बाजाराचे गाव आहे. दर आठवड्याला भरणारा बाजार, गुळाची अडत, तेलाचे घाणे, कासारांची आळी आणि पेढ्यांवरच्या मोडीतल्या रोजकीर्दी व खतावण्या ही आमची खरी दौलत. तेव्हा संग्रहालय गावच्या बाजाराचे, आणि त्याचा काळ पेढ्यांच्या सर्वांत जुन्या चोपडीपासून मेट्रिक वजने येईपर्यंतचा. मेट्रिक वजने १९५८ पासून येऊ लागली आणि त्यानंतर पायली, शेर, मापटे, चिपटे, कोळवे ही मापे माळ्यावर गेली. ती आता माळ्यावरून उतरवायची आहेत. एका पितळी पायलीच्या काठाला आतून घासून घासून धार आली आहे. सारखे करताना हाताने मापाच्या वरून धान्य ओढून ओढून ती आली, असे एका ऐंशी वर्षांच्या अडत्यांनी दाखवून दिले, आणि ते दाखवताना त्यांचा हात पायलीवरून ज्या सफाईने फिरला ते आम्ही टिपून घेतले आहे. तो चलच्चित्राचा तुकडा पायलीशेजारीच राहील. तलवारी घ्यायच्या नाहीत, हा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. ग्रामोफोन मात्र राहिला, कारण तो बाजारातल्या चहाच्या दुकानातला निघाला. दोन खोल्यांपैकी एकच उघडायची आणि दुसरी साठ्यासाठी व डागडुजीसाठी ठेवायची, हेही भायखळ्याहून परत येताना गाडीतच ठरवले होते.

जाणाऱ्यांसाठी : संग्रहालय बुधवारी बंद असते. राणीच्या बागेची गर्दी टाळायची असेल तर शनिवार-रविवार सोडून सकाळी उघडताच जावे, आधी वरचा मजला पाहावा आणि तळमजला मागाहून. परतताना बाहेरच्या हिरवळीवर, स्वातंत्र्यानंतर शहराच्या रस्त्यांवरून उचलून आणलेले गोऱ्या साहेबांचे पुतळे आहेत. तेथे फारसे कोणी थांबत नाही, आणि डबा खायला सावली चांगली आहे.